दुष्काळाचा सीझन

दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान एवढं ऐसपैस आहे की त्यात आमचा नांदेड जिल्हा अंथरला, त्याला लागून लातूर जिल्हा अंथरला, तरी कडेनं दीड-दोन हजार चौरस किलोमीटरची पट्टी मोकळी राहते. हा शोध माझा नव्हे. आमच्या साडूंचा, म्हणजे लातूरच्या नानांचा. नानांचं मार्केट यार्डात आडत दुकान आहे, आणि जमीन म्हटली की तिचे एकर झाल्याशिवाय ती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. त्यांनी साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे अठ्ठेचाळीस लाख एकर केले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग एखाद्याच्या घरातली नाजूक गोष्ट विचारावी तशा हलक्या आवाजात म्हणाले, “सर, अन् यातलं एक एकर बी पेरलेलं नाही?”

आमच्या आफ्रिकावारीचं बी पडलं ते १७ सप्टेंबर २०२२ ला. मराठवाड्यात त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. मी लातूरला होतो. झेंडावंदन आटोपून नानांच्या बैठकीत टीव्हीपुढे बसलो, तर नामिबियातून विमानानं आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडण्याचा सोहळा चाललेला. पिंजऱ्याचं दार वर गेलं, एका चित्त्यानं बाहेर पाऊल टाकलं आणि बदली होऊन आलेल्या मास्तरानं पहिल्या दिवशी एसटीतून उतरून गावाकडे पाहावं तसं त्यानं त्या गवताकडे पाहिलं. अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, हळहळली. “एवढ्या लांबून आली बिचारी, इथं कोण हाय त्यांचं?” नाना व्यवहारी गृहस्थ, पण रीतिरिवाजाला पक्के. पाहुणा येऊन गेला की त्याच्याकडे एकदा जाऊन आलंच पाहिजे, असा त्यांच्या घरचा शिरस्ता आहे. “मग एकदा परतभेट देऊन येऊ,” ते म्हणाले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते आले, तेव्हा तर आमच्यावर दोन घरांचं देणं झालं.

तसे आफ्रिकेचे चित्ते महाराष्ट्राला अगदीच परके नव्हेत. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बोटीनं मागवले जात. त्यांना सांभाळायला चित्तेवान असत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून माळावर न्यायचा आणि काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची, अशी ती शिकारीची पद्धत. म्हणजे गाडीत बसून जनावरं बघायला जाण्याची चाल आपल्याकडे जुनीच. फक्त गाडीत चित्ता बसायचा. त्याला माणशी भाडं पडत नव्हतं एवढाच काय तो फरक.

जायचं ठरलं. कधी जायचं, हे मात्र अजून ठरायचं आहे, आणि खरं सांगायचं तर या न ठरण्यातच आमच्या दोन घरांचा बराच आनंद साठलेला आहे. माहितीपत्रकं एकमुखानं सांगतात की मे ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून सतरंजीवर पसरतो. मे महिन्यात लग्नं. जूनमध्ये मृग, पेरणी, बी-बियाणं. जुलैत दुबार पेरणीची धास्ती, शिवाय चातुर्मास लागतो आणि अक्काचं कांदा-लसूण-वांगं बंद होतं. तिथल्या आचाऱ्याला हे कोण समजावणार. मग श्रावण, पोळा. भाद्रपदात महालक्ष्म्या, त्यांना उभं करायचं सोडून अक्का वैकुंठालाही जायची नाही. ऑक्टोबर म्हणजे नवरात्र, आमच्या घरची माहूरची वारी, त्यांच्या घरची तुळजापूरची, आणि त्याच तोंडावर सोयाबीनची आवक. त्या दिवसांत आडत्यानं दुकान सोडून सिंह बघायला जाणं म्हणजे नवरदेवानं मांडवातून उठून मॅच बघायला जाणं. मी एकदा भीतभीत डिसेंबर सुचवला. नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आपण साडू नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं. डिसेंबरात येळवस असते.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, लातूरबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्या दिवशी अख्खं शहर कुलूप लावून रानात जातं. जीपमधून, टेम्पोतून, मोटारसायकलवर तिघं बसून, मांडीवर भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचं मडकं सांभाळत माणसं शेताची वाट धरतात. ज्यांना शेत नाही त्यांना दुसऱ्यांच्या शेतात आग्रहानं बोलावलं जातं. कडब्याची कोप उभी करून तिच्यात पांडव मांडतात, पूजा होते, आणि मग पंगती उठता उठत नाहीत. दुपारी तुरीच्या ओळींत सतरंजी टाकून आडवं व्हायचं आणि हरभऱ्याच्या वासात डोळा लागू द्यायचा. उघड्या गाडीतून धूळ खात रानात जायचं, रानातच जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, हेच तर लॉजवाले डॉलरमध्ये विकतात. पण हे बोलून दाखवलं तर आफ्रिका कायमचीच रद्द होईल, म्हणून मी गप्प बसतो. शिवाय डिसेंबरात तिकडे पावसाळा. गवत डोक्याएवढं, जनावरं पांगलेली, आणि म्हणून लॉज स्वस्त.

हे स्वस्त-महागाचं गणित उलगडताना एका संध्याकाळी नानांच्या तोंडून जे निघालं, ते अजून माझ्या मनातून जात नाही. मी त्यांना उत्तम हंगामाची कारणं वाचून दाखवत होतो. पाऊस गेलेला असतो. गवत वाळून जमिनीला टेकतं. झाडांची पानं झडतात. लहान डबकी आटतात, आणि सगळी जनावरं उरल्यासुरल्या पाण्यापाशी गोळा होतात. तिथं गाडी लावून बसलं की बसल्या जागी सगळं दिसतं.

“म्हणजे दुष्काळ,” नाना म्हणाले.

“त्याला हाय सीझन म्हणतात.”

“अन् त्याचे जास्तीचे पैसे?”

“हो.”

“मग २०१६ ला आपल्याकडं कुणी बुकिंग कसं काय केलं नाही ओ?”

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला जाताना पाहुणा पेढ्यांऐवजी पाण्याचा जार घेऊन जात असे. मीही नांदेडहून गोदावरीचं पाणी घेऊन गेलो होतो. काशीहून गंगा आणावी तसं ते अक्कानं उतरवून घेतलं होतं. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली; पाचापेक्षा जास्त माणसांनी पाण्यापाशी जमू नये, असा आदेश. एप्रिलच्या १२ तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नाना ती बघायला स्टेशनवर गेले होते. पोराच्या लग्नातही ते इतक्या लवकर उठले नसतील.

टँकरची रांग मी अक्काच्या गल्लीत पाहिली आहे. रांगेत माणसं कमी आणि भांडी जास्त. निळे ड्रम, घागरी, रंगाचे रिकामे डबे, एका ठिकाणी बाळाचा टब. प्रत्येक भांडं आपापल्या मालकाच्या वतीनं ताठ उभं. कुणाची घागर कुणामागे, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. टँकर वळणावर दिसला की ओळीतून एक थरथर जायची आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातला गडी दोन अजस्र ड्रम लोटत यायचा. कुणी काही बोलायचं नाही. रांग आपसूक वीतभर मागे सरकायची, एवढंच.

आता नाना दुकान बंद करायच्या वेळी मोबाईलवर नामिबियातला एक पाणवठा बघतात. वाळवंटातल्या त्या पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला आहे आणि तो रात्रंदिवस यूट्यूबवर चालू असतो. बहुतेक वेळ तिथं काहीही घडत नाही. वाळू, पाण्याचा एक ओला तुकडा आणि वारा. पण नाना तो कापसाचे भाव बघावेत इतक्या एकाग्रतेनं बघतात आणि मला फोन करून सांगतात. “सर, त्यो शहामृग अर्ध्या घंट्यापासून नुस्ता उभा हाय. पाणी पुढ्यात हाय, पण पेत नाही. वाट कुणाची बघायलाय कळंना.” लांब सरळ शिंगांचे ऑरिक्स येतात, कडेला थांबतात, आधी कोण आहे ते बघतात. जिराफाची तर फारच पंचाईत. पुढचे पाय फाकवून, तंबूच्या खांबांसारखे तिरके लावून त्याला खाली वाकावं लागतं, आणि वाकल्यावर तो इतका असहाय असतो की दोन घोट घेतले की दचकून वर. एटोशाच्या पाणवठ्यावरच्या एका चित्रफितीत हत्तींचा कळप आला आणि झेब्रे न सांगता बाजूला झाले. नानांनी ती फीत थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. “ते बघा, कोपऱ्यावरचे आले,” म्हणाले.

वाचत गेलो तसं कळलं की क्रुगरमध्येही बोअर मारून झाले आहेत. जनावरांना पाणी मिळावं म्हणून १९३० नंतरच्या काही दशकांत उद्यानात शेकडो बोअर घेतले, पवनचक्क्या बसवल्या, हौद बांधले. हेतू चांगलाच होता. पण जिथं पूर्वी पाणी नव्हतं तिथं झेब्रे आणि विल्डबीस्ट मुक्कामाला आले, त्यांच्यामागून सिंह आले, गवत संपलं आणि आधीच दुर्मीळ असलेली रोन नावाची हरणं आणखी कमी झाली. तेव्हा १९९० च्या दशकापासून त्यांनी त्यातले कितीतरी बोअर चक्क बंद केले. लातूरच्या भोवती आठशे-हजार फूट खाली जाऊन धूळ काढणारी यंत्रं ज्यानं पाहिली आहेत, त्याला ही बातमी परीकथेसारखी वाटते. पाणी लागलेला बोअर बंद करणारी माणसं कशी दिसत असतील, हे बघायला तरी जायला हवं, असं नानांचं मत पडलं. गेंडा त्यांच्या यादीत त्यानंतर येतो.

बोट्सवानातलं ओकावांगो हे त्यांचं दुसरं आकर्षण. ही नदी समुद्राला मिळतच नाही. कलहारीच्या वाळूत पसरते आणि तिथंच संपते. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरांत आणि ते पाणी सपाट मुलखातून इतकं सावकाश चालत येतं की खालच्या टोकाला पोचायला कित्येक महिने लागतात. म्हणून ऐन कोरड्या दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तिथं पूर येतो. २०१४ साली युनेस्कोनं ते आपल्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं ठिकाण म्हणून घेतलं. पाऊस एका मुलखात आणि पाणी दुसऱ्या मुलखात, ही गोष्ट मिरजेची गाडी पाहिलेल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. त्या पुरात उतरायला छोटी विमानं असतात आणि त्यांची अट अशी की सामान मऊ पिशवीत हवं आणि तेही पंधरा-वीस किलोच. धपाटे, शेंगाची चटणी, चिवडा आणि लोणचं यांचा अक्कानं काढलेला अंदाज एवढ्यालाच टेकला. कपडे अजून वेगळे.

कपड्यांचेही नियम आहेत. मातकट, खाकी, गवताळ; भडक काही नको. माझ्या बायकोकडे या रंगाची एकही साडी नाही, आणि असती तर ती नेसून ती माझ्याबरोबर कुठे आली नसती. शिवाय जुलै तिकडे हिवाळा. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये मांडीवर ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात. आफ्रिकेला जायला कानटोपी लागते, यावर आमची माय विश्वास ठेवायला तयार नाही. तिची चिंता निराळीच आहे. “ते सगळं ऱ्हाऊ दे. तिथं उतरणार कुणाकडं?” मी लॉजचे फोटो दाखवले. गवती छताच्या गोल खोल्या, पुढ्यात ओटा, ओट्यापुढे नदी. तिनं फोटो लांब धरून पाहिला. “रान हाय हे. दार तरी लागतंय का?”

दार लागतं. मात्र अंधार पडल्यावर त्यातून एकट्यानं बाहेर पडायचं नाही. कुंपण नसलेल्या लॉजमध्ये जेवणघरापर्यंत जायलाही बॅटरीवाला सोबतीला येतो, कारण वाटेत कोण उभं असेल सांगता येत नाही. हे वाचलं आणि मला एकदम मुखेडकडच्या आमच्या शेतातलं मचाण आठवलं. ज्वारी निसवली की आजोबा तिथं मुक्कामालाच जात. दिवसा गोफणीनं पाखरं हाकायची, रात्री रानडुकरं. मी सुटीत त्यांच्याजवळ झोपायचो. रात्री कधीतरी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठवत आणि नुसतं बोट दाखवत. चांदण्यात बांधाच्या पलीकडे काळविटांचा कळप उभा असायचा, शिंगं पिळदार, माना आमच्याकडे वळवलेल्या. आजोबांचं काम त्यांना हाकलायचं. पण ते लगेच हाक देत नसत. मला पुरेसं बघू देत, बहुधा स्वतःही बघून घेत, आणि मग एवढ्या जोरात ओरडत की दोन शेतं पलीकडचा जागल्याही दचकून ओरडायचा. तेवढ्या उशिरात किती कणसं गेली असतील, याचा हिशोब आजीनं त्यांना कधी विचारला नाही. आज माझा चुलतभाऊ त्याच शेतात रोह्यांच्या मागे फटाके घेऊन पळतो. मी त्याला सांगितलं की जनावरं बघायला आफ्रिकेत जातोय. तो म्हणाला, “दादा, चार दिस हितं जागलीला ये. जेवायचं बी फुकट.”

आणि वाघ? तो आफ्रिकेत नाहीच. तो इकडे यवतमाळच्या टिपेश्वरातून निघून, २०२४ च्या अखेरीस, पाचेकशे किलोमीटर तुडवत धाराशिवच्या येडशीला, रामलिंगच्या रानात येऊन राहिला. मधल्या मुलखात कुणाकुणाच्या तुरीतून आणि उसातून तो रात्रीचा गेला असेल, किती जागले पाठ करून झोपले असतील. त्याला व्हिसा लागला नाही, की बँकेचं स्टेटमेंट. आम्हाला दोन्ही लागतं.

खर्चाचा विषय नानांनी स्वतःच्या मापानं सोडवला आहे. क्रुगरला लागून असलेल्या खासगी रानातल्या बड्या लॉजची एक रात्र, माणशी, म्हणजे पंधरा-वीस क्विंटल सोयाबीन. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि यार्डात तेवढाही मिळत नव्हता, तो हिशोब धरून. त्यामानानं उद्यानाच्या स्वतःच्या कॅम्पमधल्या झोपड्या पुष्कळ स्वस्त. त्या कॅम्पांची यादी वाचता वाचता नाना थबकले. स्कुकुझा, लेटाबा, ओलिफांट्स आणि मग सातारा. आपला सातारा, क्रुगरच्या ऐन मध्यावर, सिंहांसाठी नावाजलेला. असं सांगतात की पूर्वी त्या भागाची शेतजमीन म्हणून मोजणी झाली, तेव्हा मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदी माणूस होता आणि सतराव्या तुकड्यापाशी त्यानं ‘सत्रा’ म्हटलं, तेच नकाशावर चिकटलं. तो कोण, कुठला, साखळी ओढत तिथवर कसा गेला, काहीच उरलेलं नाही. नानांना मात्र सिंहांपेक्षा तोच जवळचा वाटला. जमीन मोजणारा माणूस. “म्हणजे पेरायचा विचार होता की ओ,” ते समाधानानं म्हणाले.

आता गाडी इथवर आली आहे की एका लॉजला आम्ही चौकशीचा अर्ज पाठवला. त्यांचं बुकिंगचं ऑफिस केपटाऊनला. अर्ज लांबलचक. प्रत्येकाचं वजन, कारण छोटं विमान. अक्कानं आपलं वजन माझ्या कानात सांगितलं आणि नानांना खोलीबाहेर काढलं. पथ्यपाणी, गुडघ्यांची तक्रार, उशी मऊ की कडक. शेवटचा रकाना होता, काही खास प्रसंग आहे का? मधुचंद्र, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, इतर.

“इतरवर खूण करा,” नाना म्हणाले.

“काय लिहू?”

“लिहा, मांजरा धरण भरलं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. लिहिलं.

केपटाऊनवर २०१८ साली काय वेळ आली होती, ते आम्हाला ठाऊक होतं. नळ बंद पडायचा दिवस जाहीर होऊन शहर त्याची तारीख मोजत होतं, आणि माणसं रस्त्यात भेटली की धरणांच्या पातळ्या विचारत होती. तरी उत्तर असं येईल, असं वाटलं नव्हतं. तिथल्या बाईंनी दराचं पत्रक जोडलं होतं, जुलैतल्या मोकळ्या तारखा दिल्या होत्या आणि खाली दोन ओळी. मनापासून अभिनंदन, किती टक्के भरलं? आणि त्या संध्याकाळी केक करणार आहोत, तो अंड्याशिवायचा हवा का?

दर आणि तारखांचा कागद नानांनी बाजूला ठेवला. “आधी टक्के कळवा,” म्हणाले. “शंभर. अन् दारं उघडली होती म्हणावं.”